परवलीच्या शब्दाची उकल : युनिक्सच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकातील परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, हॅशवरून शोधून काढणे हा आज विद्यार्थ्यांच्या संगणकीय कोडे-स्पर्धांमधील परिचित प्रकार आहे. या विद्येची पद्धतशीर मांडणी चोरांनी नव्हे, तर पहारेकऱ्यांनीच केली, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१९६०च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सीटीएसएस प्रणालीत सर्वांचे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे साठविलेले असत. एकदा दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि दैनंदिन सूचनेच्या जागी ही यादीच प्रत्येकासमोर छापली गेली. पुढे बेल लॅबोरेटरीजमधील युनिक्सने मूळ शब्दाऐवजी त्याचे एकदिश रूपांतर, म्हणजे हॅश, जपण्याची पद्धत अवलंबिली. हॅशवरून शब्दाकडे परतीची वाट नसते; पण अंदाजाने शब्द घेऊन, त्याचे रूपांतर करून ताडून पाहण्यास कोणाचीच आडकाठी नसते.

रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी नेमके हेच केले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ३,२८९ पासवर्डची छाननी आहे. त्यांपैकी १५ पासवर्ड केवळ एका अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे, तर ४६४ तीन अक्षरांचे होते. ४९२ पासवर्ड शब्दकोश वा नामसूचीत सापडले. एकूण २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज उकलण्याजोगे ठरले. दोष गणितात नव्हता, निवडीत होता. स्वतःच्याच तटबंदीला असे खिंडार पाडून ते जाहीरपणे मांडण्याचा हा प्रांजळपणा प्रस्तुत लेखकास त्यातील आकड्यांहूनही मोलाचा वाटतो. आपल्या प्रयोगशाळांत मात्र असा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यास आपण अजूनही कचरतो.

उपाय दुहेरी होता. डीईएस या कूटपद्धतीवर आधारित प्रक्रिया २५ वेळा करून प्रत्येक अंदाज मुद्दाम वेळखाऊ केला गेला. शिवाय पासवर्डमध्ये १२ बिटांचे 'सॉल्ट' मिसळले गेले. या चिमूटभर मिठामुळे एकाच शब्दाची ४,०९६ निरनिराळी रूपे संभवू लागली आणि आधीच तयार केलेली यादी सर्वांना लावून पाहणे दुरापास्त झाले.

माणसाची सवय मात्र टिकून राहिली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या 'वर्म'मध्ये पासवर्डच्या अंदाजासाठी ४३२ शब्दांची यादी होती. त्याचा कर्ता रॉबर्ट टॅपन मॉरिस हा उपरोक्त मॉरिस यांचाच पुत्र, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

युनिक्सच्या जनकांचे स्वतःचे हॅश बीएसडी प्रणालीच्या जुन्या मूळ-संहितेत जतन झाले होते. स्टीफन बोर्न यांचा पासवर्ड त्यांचे आडनावच निघाला. ब्रायन कर्निघन यांनी कळफलकावरील शेजारच्या तीन कळा दोनदा दाबल्या होत्या. टॉम्प्सन यांचा आठ चिन्हांचा पासवर्ड मात्र ऑक्टोबर २०१९ मध्ये उकलला. आधुनिक ग्राफिक्स-प्रक्रियकालाही त्यासाठी चार दिवसांहून अधिक काळ लागला. बुद्धिबळ खेळणारे 'बेल' यंत्र घडविण्यात सहभागी असलेल्या टॉम्प्सन यांनी पासवर्ड म्हणून वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे सरकविण्याची चाल जुन्या इंग्रजी लेखनपद्धतीत नोंदवून ठेवली होती.