'बारामती'चे २१ बाइट

पीएचपीत फंक्शन लिहिताना पॅरामीटरला डिफॉल्ट किंमत देऊन ठेवता येते. कॉल करणाऱ्याने काही सांगितलं नाही, तर तीच धरली जाते. सोय झकास. पण धरायचं काय, हे ठरवणारा कुठला?

'एचटीएमएल-एंटिटीज' हे फंक्शन एन्कोडिंग न सांगितल्यास पश्चिम युरोपचं आयएसओ-८८५९-१ धरायचं. यूटीएफ-८ मध्ये 'बारामती' म्हणजे ७ चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट, एकूण २१. 'इंदापूर'सुद्धा नेमकं २१! प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजून हे फंक्शन गावाच्या जागी टोपीवाली रोमन अक्षरं ओतायचं. दर वेळी 'यूटीएफ-८' लिहायची आठवण ठेवायची ती आपण. इंग्रजीवाल्यांचं कधी अडलंच नाही.

मार्च २०१२ मध्ये ५.४ आवृत्तीत डिफॉल्ट यूटीएफ-८ झालं. मग गंमत, जुन्या डिफॉल्टवर विसंबलेल्या फ्रेंच-जर्मन पानांवरचा मजकूरच गायब व्हायला लागला.