‘अंकल’ म्हणजे काका की मामा?

एकदा इंग्रजीच्या तासाला मी मुलांना भाषांतरासाठी एक साधे वाक्य दिले. त्यात ‘अंकल’ हा शब्द होता. अर्ध्या वर्गाने ‘काका’ लिहिले, अर्ध्याने ‘मामा’. एका मुलाने विचारले, “सर, इंग्रजांना काका-मामांतला फरक कळत नाही काय?” प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

हा फरक इंग्रजांना एके काळी चांगला ठाऊक होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत काकाला ‘फॅडेरा’, मामाला ‘एआम’, आत्याला ‘फाधू’ व मावशीला ‘मोद्रिये’ असे स्वतंत्र शब्द होते. मामा-भाच्यांचे नाते तर विशेष जिव्हाळ्याचे. इंग्रजांचे पूर्वज ज्या जर्मन टोळ्यांतून आले, त्यांच्याविषयी रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ मध्ये लिहिले आहे की, भाच्याला मामाकडे बापाइतकाच मान असे. इ. स. ९९१ मधील माल्डनच्या लढाईवरील काव्यातही, धारातीर्थी पडलेला एक वीर सेनापतीच्या बहिणीचा मुलगा होता, हे आवर्जून सांगितले आहे.

मग हे शब्द गेले कुठे? १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबारात व न्यायालयात फ्रेंच भाषा आली. पुढील काही शतकांत ‘अंकल’, ‘आन्ट’, ‘कझिन’, ‘नेफ्यू’ व ‘नीस’ हे फ्रेंच शब्द रूढ झाले. ‘फादर’, ‘मदर’, ‘ब्रदर’, ‘सिस्टर’ हे मात्र मूळचेच राहिले. म्हणजे उंबरठ्याच्या आतले शब्द टिकले, बाहेरचे बदलले. गंमत अशी की, ‘अंकल’चे मूळ लॅटिन ‘आवुन्कुलुस’ म्हणजे फक्त मामा आणि ‘आन्ट’चे मूळ ‘आमिता’ म्हणजे फक्त आत्या! लॅटिनमधील काका व मावशीचे शब्द फ्रेंचमध्ये टिकले नाहीत. तेव्हा उरलेल्या एकेका शब्दाला दोन-दोन नाती वाहावी लागली.

शब्द गेल्याने नाते तुटत नाही, हे खरे. पण कागदावर घोटाळा होतो. आपल्या हनफी वारसा कायद्यात सख्खा चाचा ‘असबा’ वारसांत मोडतो, तर मामू दूरच्या नातलगांत. दस्तऐवजात नुसते ‘अंकल’ लिहिले, तर हक्क कोणाचा समजावा?

म्हणून मुलांनी इंग्रजी जरूर शिकावे, उत्तम शिकावे. मात्र दारी आलेल्या चाचाला चाचा, मामूला मामू, फुफीला फुफी आणि खालाला खाला अशीच हाक मारावी. एकदा गेलेला शब्द सहसा परत येत नाही, हाच इंग्रजीच्या इतिहासाचा आपल्याला धडा आहे.