ठिणगीशी झुंज

मोटारसायकलींचा ताफा घाटात शिरला की मागचा स्वार वळणाआड जातो. त्याच्याशी बोलायला आज खिशात मावणारा स्वस्त रेडिओ-संच मिळतो. एवढ्याशा सोयीला इतकी वर्षे का लागली, ते आपण पाहू.

अमेरिकेत डेट्रॉईटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांत रेडिओ बसवले, पण ते फक्त ऐकण्याचे. हुकूम कानी पडे. उत्तर द्यायला मात्र टेलिफोन गाठावा लागे. गाडीतून उलट बोलण्याची सोय न्यू जर्सीतील बेयोन शहरात १९३३ मध्ये झाली. तरीही एक शत्रू गाडीतच होता : स्पार्क प्लग. हर्ट्‌झ यांनी १८८७ मध्ये रेडिओलहरी ठिणगीतूनच निर्माण केल्या होत्या. म्हणजे प्रत्येक पेट्रोल इंजिन हे एक छोटे प्रक्षेपण केंद्रच! मोटारसायकलीवर तर ते स्वाराच्या गुडघ्यांपाशी असते.

ए.एम. पद्धतीत आवाजानुसार लहरीचा आयाम बदलतो. ठिणगीही आयामच बिघडवते. मग बोलणे कोणते आणि खरखर कोणती, हे संचाला कसे कळावे? एडविन आर्मस्ट्राँग यांनी आवाजानुसार लहरीची वारंवारता बदलली. या एफ.एम. पद्धतीची पेटंटे त्यांना १९३३ मध्ये मिळाली. येथे आयामातले चढउतार छाटून टाकले तरी बोलणे शाबूत राहते. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी डॅनियल नोबल यांच्या मदतीने एफ.एम.चे दुहेरी संच वापरात आणले.

सामान्य माणसासाठी अमेरिकेने १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा खुला केला. पण तेथे ए.एम. चाले आणि लहर होती ११ मीटरची. तिच्या पाव लांबीची एरियल पावणेतीन मीटर भरते! १९९६ मध्ये ४६२ मेगाहर्ट्‌झजवळचा पट्टा अर्ध्या वॉटच्या एफ.एम. संचांना परवान्याविना मिळाला. येथे पाव लहर जेमतेम १६ सेंटिमीटरची. रेडिओ खिशात आला तो असा.

म्हणून संच निवडताना किमतीआधी तीन गोष्टी पाहाव्यात. तो एफ.एम. आहे का? त्याचा पट्टा आपल्या देशात खुला आहे का? अमेरिकी संच भारतात तसाच चालवता येत नाही; २०१८ च्या नियमांनुसार येथे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या संचांना खुला आहे. आणि तिसरे, खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. डोंगर आड आला की ते उरत नाहीत.

वर्गात एक प्रयोग करता येईल. रेडिओ मध्यम लहरींवर दोन केंद्रांच्या मध्ये लावा आणि शेजारी गॅसचा लायटर दाबा. प्रत्येक ठिणगीला 'टक्' ऐकू येईल. मग एफ.एम.वर एखादे जोरकस केंद्र लावून पुन्हा दाबा. फरक विद्यार्थीच सांगतील.