खुर्च्या कमी, चाहते जास्त: अशा वेळी फुटबॉलचं तिकीट नक्की कुणाला मिळायला हवं?

१३ मार्च २०२१. गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगची, म्हणजे आयएसएलची फायनल सुरू होती. समोरासमोर होते मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान. ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला, मुंबईने सामना २-१ असा जिंकला आणि क्लब पहिल्यांदाच आयएसएल चॅम्पियन झाला.

पण हा गोल बघायला स्टँडमध्ये तिकीट काढून आलेला एकही चाहता नव्हता. कोरोनामुळे तो अख्खा हंगाम गोव्यात बंद दाराआड खेळवला गेला. अंधेरीच्या मैदानावर वर्षानुवर्षं घसा कोरडा करणाऱ्यांनी आपल्या क्लबचा सगळ्यात मोठा क्षण टीव्हीवर पाहिला.

वर्षभराने, २० मार्च २०२२ ला, त्याच मैदानावर हैदराबाद एफसी आणि केरला ब्लास्टर्स यांची फायनल झाली. या वेळी प्रेक्षकांसाठी दारं उघडली. ब्लास्टर्सचे हजारो चाहते केरळहून आले. टीम त्या दिवशी काळ्या जर्सीत होती, तरी स्टँड पिवळे झाले होते. सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टीवर हैदराबाद ३-१ ने जिंकलं.

फातोर्डाची क्षमता साधारण १९ हजार. बघायला येऊ इच्छिणारे त्याहून कितीतरी जास्त. अशा वेळी तिकीट कुणाला द्यायचं? आधी क्लिक करणाऱ्याला, जास्त पैसे देणाऱ्याला, नशीबवानाला, की वर्षानुवर्षं टीमसोबत उभं राहिलेल्याला?

क्षमता कमी का होते?

कोरोना हे एक कारण झालं. महाराष्ट्रात २०२२ ची आयपीएल सुरू झाली तेव्हा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या मैदानांवर सुरुवातीला फक्त २५ टक्के प्रेक्षकांना परवानगी होती. निर्बंध सैल झाल्यावर ती वाढवली गेली.

दुसरं कारण सुरक्षेचं. स्टेडियमची क्षमता म्हणजे नुसती खुर्च्यांची संख्या नाही. काही झालंच तर ठरावीक मिनिटांत किती माणसं सुखरूप बाहेर पडू शकतात, यावरही ती ठरते. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल वर्ल्ड कप झाला. तेव्हा याच कारणाने कोचीच्या स्टेडियममध्ये नेहमीपेक्षा खूप कमी प्रेक्षक घेतले गेले.

४ जून २०२५ ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. त्यानंतर महिला क्रिकेट वर्ल्ड कपचे तिथले सामने दुसरीकडे हलवावे लागले. त्यामुळे ‘कमी खुर्च्या, जास्त चाहते’ हा प्रश्न कोरोनासोबत संपलेला नाही.

तिकीट वाटायच्या चार पद्धती

१. आधी येईल त्याला आधी. वाटते सोपी, पण फायदा होतो तो वेगवान इंटरनेट, तीन-चार मोबाइल आणि मोकळा वेळ असलेल्याला. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या शोची ऑनलाइन रांग आठवा. लाखो लोक स्क्रीनकडे बघत बसले आणि थोड्याच वेळात तीच तिकिटं दुसऱ्या साइटवर कितीतरी पट किमतीला दिसू लागली.

२. सोडत. सगळ्यांनी अर्ज करायचा आणि कॉम्प्युटरने नावं काढायची. घाईगर्दी नाही, वशिला नाही. पण दहा वर्षं येणारा आणि पहिल्यांदाच येणारा, दोघांनाही सारखीच संधी.

३. जास्त पैसे देणाऱ्याला. मागणी वाढली की किंमत वाढवायची. आयोजकांची कमाई होते, पण विद्यार्थी आणि कमी पगाराचा चाहता आपोआप बाहेर पडतो.

४. लॉयल्टी पॉइंट. जितके सामने पाहिले तितके गुण आणि जास्त गुणवाल्याला आधी तिकीट. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाच्या सपोर्टर्स क्लबमध्ये अशीच पद्धत आहे. सामना पाहिला की सदस्याच्या खात्यात ‘कॅप’ जमा होते.

युरोमध्ये काय झालं होतं?

कमी क्षमतेच्या स्पर्धेचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे युरो २०२०. ही स्पर्धा वर्षभर पुढे ढकलून जून-जुलै २०२१ मध्ये ११ शहरांत झाली. अडचण अशी होती की बरीच तिकिटं कोरोनाच्या आधीच विकली गेली होती. नंतर प्रत्येक शहराने आपापली मर्यादा ठरवली. बुडापेस्टने पूर्ण स्टेडियम उघडलं. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कमध्ये मात्र साधारण १२ हजारच प्रेक्षक येऊ शकत होते.

युरोपियन फुटबॉल संघटना यूएफाने आधी लोकांना तिकिटं परत करून पैसे घ्यायची मुदत दिली. तरीही विकलेली तिकिटं नव्या क्षमतेपेक्षा जास्त राहिली तिथे सोडत काढली आणि काहींची तिकिटं रद्द केली. म्हणजे पैसे भरून दीड वर्ष वाट पाहिलेल्या माणसालाही शेवटी चिठ्ठीवर अवलंबून राहावं लागलं.

स्कॉटलंडच्या चाहत्यांना हे जास्त लागलं. त्यांचा पुरुष संघ १९९८ नंतर पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत उतरला होता. १८ जूनला वेम्ब्लीवर इंग्लंडविरुद्ध सामना होता आणि स्कॉटिश चाहत्यांच्या वाट्याला तीन हजारांहूनही कमी तिकिटं आली. तरी हजारो जण तिकीट नसताना लंडनला पोहोचलेच.

निष्ठा मोजायची कशी?

‘निष्ठावान चाहत्याला आधी तिकीट’ हे वाक्य सगळ्यांना पटतं. भांडण सुरू होतं ते निष्ठा मोजायला बसल्यावर.

हजेरी मोजायची म्हटलं तर २०२२ च्या फायनलला ती कुठून आणणार? त्याआधीचे दोन हंगाम मैदानंच बंद होती. सीझन तिकीट मोजायचं म्हटलं तर ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत तोच पुढे. जुनं सदस्यत्व मोजायचं तर आज १८ वर्षांचा असलेला पोरगा कायम मागेच.

पुण्याचा किस्सा तर वेगळाच आहे. एफसी पुणे सिटी २०१४ पासून पाच हंगाम आयएसएल खेळली. २०१९ मध्ये क्लब बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आली, तीच टीम जी पुढे फातोर्डावर चॅम्पियन झाली. बालेवाडीत पाच हंगाम हजेरी लावणाऱ्या पुणेकराच्या निष्ठेची नोंद कुठल्याच खात्यात राहिली नाही.

पॉइंट पद्धतीत आणखी एक मेख आहे. ज्याच्याकडे पॉइंट आहेत त्यालाच तिकीट मिळतं आणि तिकीट मिळालं की त्याचे पॉइंट आणखी वाढतात. काही वर्षांत तीच ती माणसं आत दिसतात. नव्या चाहत्याला सुरुवात करायलाही जागा उरत नाही.

दिग्रसच्या चाहत्याचं काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसहून मुंबई सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. साडेसातच्या सामन्यासाठी जायचं म्हणजे एक रात्र जाण्यात, एक रात्र येण्यात आणि कामाचे निदान दोन दिवस बुडणार. अंधेरीत राहणारा चाहता लोकलने जाऊन रात्री घरी जेवायला परत येतो.

आता समजा, अंधेरीवाल्याने हंगामात दहा सामने पाहिले आणि दिग्रसवाल्याने दोन. पॉइंटच्या यादीत हिशोब दहा विरुद्ध दोन. पण खर्च, प्रवास आणि बुडालेली मजुरी मोजली तर दिग्रसवाल्याने कदाचित जास्त दिलेलं असेल. नुसती हजेरी मोजणारी पद्धत निष्ठेसोबत तुमचा पत्ताही मोजते. विदर्भात आयएसएलचा एकही क्लब नाही, त्यामुळे इथल्या प्रत्येक चाहत्याची हीच गत होणार.

मग न्याय्य पद्धत कशी असू शकते?

एकच पद्धत धरून बसलं की कुणावर तरी अन्याय होतोच. म्हणून दोन-तीन पद्धती एकत्र कराव्या लागतात. एक काल्पनिक हिशोब करू.

स्टेडियम ८ हजारांचं आहे आणि परवानगी २५ टक्क्यांची. म्हणजे तिकिटं २ हजार. क्लबचे सीझन तिकीटवाले आहेत ३ हजार.

- पाहुण्या टीमच्या चाहत्यांना २०० तिकिटं.
- विद्यार्थी, नवे चाहते आणि बाहेरगावचे सदस्य यांच्यासाठी वेगळ्या सोडतीत ३०० तिकिटं.
- उरलेली १,५०० तिकिटं सीझन तिकीटवाल्यांना, पण वजनदार सोडतीने.

वजनदार सोडत म्हणजे काय? पाहिलेल्या प्रत्येक सामन्यामागे तुमच्या नावाची एक चिठ्ठी डब्यात जाते. दहा सामने पाहिले तर दहा चिठ्ठ्या, तीन पाहिले तर तीन. जास्तीत जास्त किती चिठ्ठ्या, याची मर्यादा ठरलेली असते. नाव एकदा निघालं की बाकीच्या चिठ्ठ्या बाद. यात जुन्या चाहत्याची संधी मोठी राहते, पण कुणाचीही संधी शून्य होत नाही.

यात अजून एक गोष्ट जोडता येते. या सामन्याला ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांना पुढच्या सामन्याला आधी संधी. ३ हजार लोकांत १,५०० तिकिटं असतील, तर दोन सामन्यांत प्रत्येक जण एकदा तरी आत जाऊ शकतो.

फायनलला मात्र अशी आळीपाळी चालत नाही, कारण तिच्यानंतर पुढचा सामनाच नसतो. म्हणून फायनलचे निकष हंगाम सुरू होण्याआधीच जाहीर व्हायला हवेत. कोण फायनलला पोहोचणार हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे कुणाच्या सोयीने नियम वाकवता येत नाहीत.

फिफाने काय केलं?

२०२६ च्या वर्ल्ड कपच्या तिकिटांच्या किमती बघून युरोपातल्या चाहत्यांच्या संघटना भडकल्या. त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये फिफाने ६० डॉलरच्या तिकिटांचा वेगळा गट जाहीर केला. ही तिकिटं राष्ट्रीय संघटनांमार्फत निष्ठावान चाहत्यांना द्यायची आणि निकष संघटनांनीच ठरवायचे.

ऐकायला मस्त वाटतं, पण आकडा बघा. प्रत्येक संघाच्या चाहत्यांचा कोटा ८ टक्के आणि त्यातली १० टक्के तिकिटं ६० डॉलरची. विक्रीला ६० हजार तिकिटं असतील, तर एका देशाच्या वाट्याला अशी तिकिटं येतात ४८०.

आणि काळा बाजार?

वाटप कितीही चांगलं केलं तरी तिकीट पुढे दुप्पट-तिप्पट भावाने विकता येत असेल, तर सगळं मुसळ केरात. त्यावर उपाय म्हणजे तिकिटावर नाव, गेटवर ओळखपत्र आणि जाता येत नसेल तर क्लबच्याच अॅपवर मूळ किमतीला परत विकायची सोय.

कायद्याच्या भरवशावर राहायचं म्हटलं तर वाट लांबची आहे. कोल्डप्लेच्या गोंधळानंतर ऑनलाइन काळ्या बाजाराविरोधात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. याबाबत कायदा करणं हे कोर्टाचं नाही, विधिमंडळाचं काम आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

तिकीट काढण्याआधी हे विचारा

पुढच्या वेळी तुमच्या क्लबने मोठ्या सामन्याची विक्री जाहीर केली, की त्यांच्या पेजवर हे पाच प्रश्न टाका.

१. एकूण तिकिटं किती आणि त्यातली प्रायोजक व पाहुण्यांसाठी राखीव किती?
२. निष्ठा कशावर मोजली: हजेरी, सीझन तिकीट की सदस्यत्वाची वर्षं?
३. बाहेरगावच्या आणि नव्या चाहत्यांसाठी वेगळा कोटा आहे का?
४. क्षमता ऐनवेळी कमी झाली तर कुणाचं तिकीट रद्द होणार आणि पैसे किती दिवसांत परत मिळणार?
५. सोडतीनंतर कोणत्या गटाला किती तिकिटं गेली, हे जाहीर करणार का?

यातला पहिला आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. २ हजार तिकिटांतली ८०० आधीच पाहुण्यांना गेली असतील, तर उरलेल्या १,२०० ची सोडत कितीही प्रामाणिक असली तरी चाहत्याच्या हाती फारसं काही लागत नाही.