खडीची कुळकथा

रंकाळा तलावाशेजारच्या इराणी खणीत आपण आज गणपती सोडतो. मुळात ती दगडाची खाण. असल्या खणी शहराभोवती बऱ्याच. काळ्या बसाल्टसाठी कोल्हापूरला कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

खडीच्या रस्त्याचं कूळ मात्र स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमपर्यंत जातं. 1816 साली ब्रिस्टलचे रस्ते त्याच्या हाती आले. तोवर रस्त्याच्या पायात मोठाले धोंडे बसवायची रीत होती. त्याने ती मोडली. सहा औंसांहून, म्हणजे साधारण 170 ग्रॅमहून, जड तुकडा नको. रस्ता मध्ये किंचित उंच हवा, कडेला चर हवेत. खालची माती कोरडी राहिली तर वजन तीच पेलते, हे त्याचं म्हणणं.

आपल्याकडे खडी फोडली ती वडारांनी, घणाने नि हातोड्याने. बैलगाडीची लोखंडी धाव खडी थोडी भरडायची, तो चुरा पाण्याबरोबर फटींत मुरायचा आणि रस्ता घट्ट बसायचा. रबरी टायर आले नि सगळं उलटं झालं. वेगातला टायर तोच चुरा ओढून बाहेर फेकू लागला. इंग्लंडात एडगर हूलीने 1902 साली टारमॅकचं पेटंट घेतलं, ते याच धुरळ्यावरचा उतारा म्हणून. त्यात बसाल्टला डांबर धरतंही चांगलं.

तरी खड्डे पडतातच. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉयला मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. आसावरचं वजन दुप्पट झालं की झीज सुमारे सोळापट, असा हिशेब निघाला. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेला ट्रॅक्टर पाहिला की हा आकडा आठवावा. त्यात आपली काळी माती: पावसात फुगते, उन्हात भेगाळते.

म्हणून काँक्रीट आलं. कोल्हापुरात सुमारे 50 किलोमीटरच्या रस्ते प्रकल्पासाठी 2013 मध्ये टोल सुरू झाला, आणि एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यामागे अख्खं शहर रस्त्यावर उतरलं. शेवटी सरकारला टोल गुंडाळावा लागला. लढा रास्तच होता. पण पुढच्या रस्त्यासाठी काँक्रीट की डांबर हा वाद घालण्याआधी एक विचारावं: खालची पाइपलाइन, ड्रेनेज, केबल आधी टाकून झालंय का? काँक्रीट एकदा कापलं की वरून मुरूम-डांबराचं ठिगळ बसतं, आणि पहिल्या वळवाचं पाणी त्याच सांध्यातून खाली उतरतं.