कंडरा : बोटे हलवणारा दोर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विदर्भाला कुष्ठसेवेची ओळख नव्याने करून द्यायला नको. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे काम वर्ध्यातून सुरू झाले. याच सुमारास डॅप्सोन हे औषध आले आणि रोग आटोक्यात येऊ लागला. तरी एक प्रश्न उरलाच. रोग बरा झाला, पण वाकलेली बोटे वाकलेलीच राहिली. अशा हाताने कापूस वेचता येत नाही, की विळा धरता येत नाही. आणि लोक तर हात पाहूनच माणसाला दूर ठेवत.

ती बोटे सरळ करण्याची वाट आपल्याच देशात सापडली. ती समजून घ्यायची तर आधी कंडरा म्हणजे काय, हे पाहायला हवे.

मूठ घट्ट आवळा. मनगटाच्या आतल्या बाजूला ताठ दोऱ्या उठून दिसतील. त्या कंडरा. स्नायू आखडतो आणि कंडरा ती ओढ हाडापर्यंत पोहोचवते. बोटांत स्नायू नसतातच. ते तळहातात आणि कोपराखाली असतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरात सोळा कंडरा सांगितल्या आहेत. तिथे ‘स्नायू’ हा शब्द बांधणाऱ्या तंतूंसाठी येतो. फळ्या बंधनांनी घट्ट बांधल्या की नाव भार पेलते, तसे हे शरीर, असा दृष्टान्तही तिथे आहे. आज मराठीत आपण मांसपेशीला स्नायू म्हणतो. बांधणाऱ्याचे नाव ओढणाऱ्याला मिळाले!

या दोराचा धागा म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. पाणी वगळले तर कंडरेचा निम्म्याहून बराच अधिक भाग त्याचाच असतो. आपल्याकडे अंबाडीचे चऱ्हाट वळतात, ते आठवा. आधी पेड एका बाजूने पिळायचे, मग ते एकत्र करून उलट बाजूने वळायचे. म्हणून दोर उलगडत नाही. कोलॅजेनची रचना थेट अशीच आहे. तीन साखळ्या, प्रत्येकीचा पीळ डावा आणि तिघींचा मिळून उजवा. असे रेणू ओळीने, एकमेकांपासून थोडे सरकून बसतात, त्यांचे तंतुक होतात; तंतुकांचे तंतू, तंतूंच्या जुड्या आणि जुड्यांची कंडरा. सैल असताना हे तंतू किंचित नागमोडी असतात, त्यामुळे पहिला हिसका झेलला जातो.

हा पीळ ओळखला तो मद्रास विद्यापीठात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल १९५२ मध्ये तिथे आले असता त्यांनी कोलॅजेनचे कोडे अजून सुटले नसल्याचे सांगितले. भौतिकशास्त्राचे तरुण प्राध्यापक जी. एन. रामचंद्रन यांनी ते मनावर घेतले. केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून नमुने आले. त्यांत कांगारूच्या शेपटीतली कंडरा होती. क्ष-किरणांच्या साहाय्याने रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ आणि १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये तीन पेडांची रचना मांडली. साखळीतले दर तिसरे घटकद्रव्य ग्लायसिन का, याचेही उत्तर त्यात मिळाले. पिळाच्या मधोमध जागा इतकी अरुंद, की तिथे सर्वांत लहान घटकच मावतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. कोलॅजेनचा पीळ मात्र उकळले की जातो आणि त्याचा सरस होतो.

रेणूचे हे कोडे सुटण्याआधीच, मद्रासपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड कामाला लागले होते. एका कुष्ठरुग्णाच्या वाकड्या हातात त्यांनी आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. पकड इतकी जोरकस होती, की त्यांना कळ सोसेना. म्हणजे हाताचे मोठे स्नायू शाबूत होते! कोपरापाशी मज्जातंतू बिघडल्यामुळे तळहातातले छोटे स्नायू तेवढे लुळे पडले होते. १९४८ पासून ब्रँड यांनी शाबूत स्नायूची ओढ बोटांकडे वळवायला सुरुवात केली. पुढच्या एका पद्धतीत मनगटाच्या स्नायूला पायातली एक बारीक कंडरा जोडून तिचे चार फाटे चार बोटांना लावले जात. पायातून काढलेली ही दोरी हातात रुजते आणि स्नायूची ओढ बोटांपर्यंत नेते. मग व्यायामाने रुग्णाला नवी हालचाल शिकावी लागते. कुष्ठरुग्णाची जखम भरत नाही, हा समजही या कामाने खोटा ठरवला.

या शस्त्रक्रियेला मर्यादाही आहे. दोर बदलून ओढ मिळते, संवेदना परत येत नाही. गरम भांड्याचा चटका त्या हाताला कळत नाही. बोटे झडतात ती रोगाने आपोआप नव्हे, तर न कळलेल्या अशा जखमांनी.

पूर्व विदर्भात आजही नवे रुग्ण आढळतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. बधिर चट्टा दिसताच माणूस तिथे पोहोचला, तर मज्जातंतू बहुधा वाचतो आणि दुसऱ्या दोराची गरजच पडत नाही.