दून खोऱ्यातले दोन दगड

देहरादूनला पोस्टिंग झालं की घरचे विचारतात, मसुरी पाहिली का? हृषीकेशला गेलात का? ती ठिकाणं पाहावीतच. पण सायकल असेल, आणि रविवारी पहाटे पाचला उठायची फौजी खोड अजून सुटली नसेल, तर मी वेगळा रस्ता सुचवेन. शहराच्या पूर्वेला नालापानीची टेकडी आणि पश्चिमेला यमुनेकाठचं कालसी. दोन्ही मिळून साठेक किलोमीटर. या अंतरात दोन जेत्यांनी लिहून ठेवलेले दोन दगड आहेत. त्यांच्यामध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळ आहे.

आधी जमीन समजून घेऊ. दक्षिणेला शिवालिकच्या ठिसूळ टेकड्या, उत्तरेला मसुरीची रांग आणि मध्ये लांबट परडीसारखं दूनचं खोरं. पाणी दोन दिशांना जातं. पूर्वेकडचं सुसवा आणि सोंग नद्यांतून गंगेला मिळतं, पश्चिमेकडचं आसन नदीतून यमुनेला. नकाशावर हा जलविभाजक चटकन दिसत नाही, पण पायांना तो बरोबर कळतो. शहरातून कालसीकडे निघालं की प्रेमनगर, सेलाकुई, हरबर्टपूरपर्यंत सायकल जवळजवळ आपोआप पळते. परतताना तोच उतार वसुली करतो.

प्रवास मात्र पूर्वेकडून सुरू करावा, कारण ती चढण ताज्या पायांनीच बरी. नालापानीच्या टेकडीवर सालाचं दाट जंगल आहे. 1814 साली इथे गोरखा सैन्याचा एक छोटा किल्ला होता. खलंगा म्हणजे नेपाळीत लष्करी तळ. इंग्रजांच्या जिभेवर त्याचं कलुंगा झालं, पुढे कलिंगाही झालं. किल्ल्यात बलभद्र कुंवर आणि बायकामुलांसह सुमारे सहाशे माणसं होती. समोर मेरठहून आलेली, तोफा असलेली, साडेतीन हजारांच्या आसपासची इंग्रजी फौज. तिचा सेनापती मेजर जनरल रोलो गिलेस्पी. 1806 साली वेल्लोरचा उठाव मोडून काढणारा हाच.

31 ऑक्टोबर 1814 रोजी गिलेस्पीने चार तुकड्यांनी चार बाजूंनी चढाई आखली. कागदावर योजना ठीक होती. पण या टेकड्यांत एका सोंडेवरचा आवाज दुसऱ्या सोंडेवर पोहोचेलच असं नाही, आणि नकाशावर जवळ दिसणारी जागा दोन नाल्यांपलीकडे निघते. इशारा सगळ्यांना मिळाला नाही, तुकड्या वेळेवर जुळल्या नाहीत. गिलेस्पीने वाट न पाहता स्वतः पुढे होऊन दरवाजावर हल्ला चढवला आणि तो तिथेच गोळी लागून पडला. दिल्लीहून मोठ्या तोफा आल्यावर 27 नोव्हेंबरला दुसरा हल्ला झाला. तटाला खिंडार पडलं होतं, तरीही तो फसला. एवढ्याशा किल्ल्यापुढे इंग्रजांचे मृत आणि जखमी मिळून सातशेच्या वर गेले.

किल्ला शेवटी पडला तो पाण्यामुळे. पाण्याचा झरा तटाबाहेर होता. इंग्रजांनी तो तोडला आणि तोफांचा मारा चालू ठेवला. 30 नोव्हेंबरच्या रात्री बलभद्र उरलेल्या सुमारे सत्तर माणसांनिशी वेढा फोडून निघून गेला. आत शिरलेल्या शिपायांना मृतदेह, तहानेने व्याकूळ झालेले जखमी, बायका आणि मुलं सापडली. मग किल्ला जमीनदोस्त करण्यात आला. याच वेढ्यातली एक हकिकत समकालीन इंग्रजी वर्णनांत येते. जबडा फुटलेला एक गोरखा शिपाई हात हलवत इंग्रजांच्या छावणीत आला, उपचार करून घेतले, आणि बरा झाल्यावर परत जाऊन लढायची परवानगी मागू लागला.

टेकडी उतरून सहस्रधारा रस्त्याला लागलं की रिस्पना नदीजवळ दोन पांढरे स्तंभ शेजारी शेजारी उभे दिसतात. हा आपला पहिला दगड. एक स्तंभ गिलेस्पी आणि इंग्रजांच्या मृतांचा. दुसरा बलभद्र आणि त्याच्या गोरखा सैनिकांचा, शूर प्रतिस्पर्धी म्हणून आदराने उभारलेला. त्याच लेखात त्यांचा पुढचा प्रवासही नोंदला आहे: हे लोक रणजितसिंगांच्या सेवेत गेले आणि अफगाणांशी लढताना तोफांपुढे रांगेतच कापले गेले. बलभद्र 1823 साली नौशेऱ्याच्या लढाईत पडला. लाहोरला चाकरीला जाणारा तो लाहुरे, हा नेपाळी शब्द परदेशी पलटणीत जाणाऱ्या प्रत्येकाला आजही लावतात.

मराठी वाचकाला या युद्धात एक ओळखीचं नावही भेटतं. पश्चिमेकडच्या आघाडीवर अमरसिंग थापांना मलाऊन येथे शरण यायला लावणारा डेव्हिड ऑक्टरलोनी, हा ऑक्टोबर 1804 मध्ये यशवंतराव होळकरांच्या वेढ्यापुढे दिल्ली टिकवून धरणाराच. मराठ्यांशी लढून तयार झालेली फौज दहा वर्षांनी डोंगरात आली आणि तिथे तिला नवा धडा मिळाला. 1815 मध्ये, युद्ध पुरतं संपण्याआधीच, इंग्रजांनी गोरख्यांच्या पलटणी उभारायला सुरुवात केली. आपल्या पहिल्या गोरखा रायफल्सला मलाऊन रेजिमेंट म्हणतात ते त्या लढाईवरून. म्हणजे रेजिमेंटच्या नावात जी लढाई आहे, ती गोरखा सैन्याने हरलेली आहे. जगात असं फार ठिकाणी सापडणार नाही.

आता पश्चिमेकडे वळू. चकराता रस्त्यावर आयएमएच्या इमारतीवरून जाताना टोंस नदीचा पूल लागतो. ही छोटी टोंस. मोठी टोंस वेगळी, ती कालसीजवळ यमुनेला मिळते. नवे लोक इथे हमखास गोंधळतात. खडकवासल्याच्या माजी छात्रांसाठी आणखी एक नोंद: आपली एनडीए पुण्यात येण्याआधी, 1949 पासून काही वर्षं, जॉइंट सर्व्हिसेस विंग या नावाने याच देहरादूनच्या क्लेमेंट टाउनमध्ये होती. सेलाकुईपर्यंत रहदारी त्रास देते. त्यापुढे आसन नदीच्या बाजूचे गावरस्ते धरावेत. उसाची शेतं, आंब्या-लिचीच्या बागा, मागे मसुरीची निळी रांग. हिवाळ्यात आसन बंधाऱ्यावर हजारो स्थलांतरित पाणपक्षी उतरतात.

विकासनगर ओलांडून पुढे यमुनेचा पूल आला की कालसी. नदीच्या वर एका छोट्या इमारतीत जपलेला मोठा खडक, हा आपला दुसरा दगड. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने त्यावर आपले चौदा लेख ब्राह्मी लिपीत कोरवले. एका बाजूला हत्तीची रेखाकृती आहे. 1860 साली जॉन फॉरेस्ट या इंग्रजाला हा खडक सापडला. याच मालिकेतल्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्याला मिळाले आहेत. यमुना डोंगरातून बाहेर पडते ते दार आणि पश्चिम समुद्रावरचं बंदर, दोन्हीकडे तोच मजकूर.

तेरावा लेख सैनिकाने उभं राहून ऐकावा असा आहे. राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकलं, दीड लाख लोक हलवले गेले, एक लाख मारले गेले, त्याहून कितीतरी अधिक मेले, आणि याचं मला दुःख आहे, असं जिंकणारा राजा स्वतः सांगतो. पण त्याच लेखात तो जंगलातल्या लोकांना दमही देतो की पश्चात्ताप झाला तरी शिक्षा करायची ताकद माझ्यात आहे. आणखी एक गोष्ट: खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. ज्यांना सोसावं लागलं त्यांच्या दारात तो मजकूर लिहिणं राजाला योग्य वाटलं नसावं.

हे दोन्ही दगड जेत्यांचे आहेत. एक दुःख सांगतो, एक सलाम करतो. गणवेशात वीस वर्षांहून अधिक काढल्यावर मला दोन्हींची किंमत वाटते. समोरच्याला माणूस मानण्याची ताकद ज्या फौजेत असते, ती युद्धानंतरही फौज म्हणून शिल्लक राहते. पण दगडांवर काय नाही, तेही पाहायला हवं. तटाआड तहानेने मेलेल्या बायकामुलांची नावं कुठेच नाहीत. गढवाली माणसाची बाजूही नाही. 1804 साली याच शहरातल्या खुडबुडा इथे गढवालचा राजा प्रद्युम्न शाह गोरख्यांशी लढताना पडला, आणि पुढच्या दहा वर्षांच्या जुलमाला गढवालमध्ये अजून गोरख्याणी म्हणतात. बलभद्राचं शौर्य आणि ती आठवण, दोन्ही खरी आहेत. एकासाठी दुसरी पुसायची गरज नाही.

खलंगाच्या टेकडीवर आज गोरखा समाजाने उभारलेलं स्मारक आहे आणि दरवर्षी तिथे मेळा भरतो. 2024 च्या उन्हाळ्यात शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या प्रकल्पासाठी तिथले सुमारे दोन हजार साल वृक्ष तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा देहरादूनची माणसं त्या जंगलात जाऊन झाडांपाशी उभी राहिली. त्यांत गोरखा होते, गढवाली होते, बाहेरून येऊन स्थायिक झालेलेही होते. शहराला पाणी हवंच. पण पाणी तुटल्यावर काय होतं, हे ज्या टेकडीने पाहिलं आहे, तिच्यावरची झाडं हेही पाणीच धरून ठेवतात.

जाणार असाल तर नोव्हेंबरच्या अखेरीस जा, म्हणजे वेढ्याच्या दिवसांतली हवा मिळेल. नालापानी आणि कालसी एकाच दिवशी करू नका, दोन रविवार द्या. टेकडीवर चढताना बाटल्या भरून घ्या. वर पाणी नाही.